चौथा म्हणून घेतलेली सुपारी

हा ग्रुप मी कितीतरी वर्षं वाचतोय, पण फक्त खाली कमेंट्समध्ये खुसपट काढायला. कोणाला रस्त्यावर पांढऱ्या साडीतली बाई दिसली की मी विचारणार, तुम्ही चष्मा लावला होता का? कोणाला वरच्या मजल्यावर पावलं ऐकू आली की मी विचारणार, वर भाडेकरू कोण आहे? माझी बायको अनघा म्हणते, तुला भूत भेटलं तर तू त्याचा आयडी मागशील. खरं आहे. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, मला पगारच शंका घेण्याचा मिळतो. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसलोय हे बघून जुने मेंबर हसतील. हसा. माझ्यावर घ्यायच्या सगळ्या शंका मी स्वतःच घेऊन चुकलोय, त्यामुळे तुम्हाला फार काम उरणार नाही.

आम्ही न्यू जर्सीत पार्सिपनीला राहतो. मी मूळचा नागपूरचा, अनघा पुण्याची. बाबा गेल्यानंतर आई नागपूरच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. मागच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ती सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली. ती यायच्या आधी ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, नागपुरातच असते. म्हणाली, आईचं काहीतरी बिघडतंय. सकाळी दोन कप चहा करते आणि दोन्ही टेबलावर ठेवते. एकदा गॅस चालू राहिला. घरात एकटीच बोलत असते. ताईनं वर्धा रोडच्या बाजूला ज्येष्ठांसाठीचं एक घर बघून ठेवलं होतं, खोलीही राखून ठेवली होती. म्हणाली, तू तिथे नीट लक्ष ठेव आणि परत पाठवायच्या आधी काय ते सांग, म्हणजे फ्लॅट बंद करायचा की नाही ते ठरवू.

म्हणजे आईचं घर राहणार की जाणार, हे माझ्या रिपोर्टवर आलं. मग काय, मी टेस्टिंगला लागलो. चष्मा कुठे ठेवलास, काल भाजी कोणती होती, पलीकडच्या काकूंचं नाव काय... आई उत्तरं द्यायची आणि मग माझ्याकडे बघत राहायची. दोन कप मात्र इथेही व्हायचे. आम्ही दोघं ऑफिसच्या गडबडीत आपापला कॉफीचा मग घेऊन पळायचो, आणि आईसमोर टेबलावर चहाचे दोन कप.

जानेवारीत, नवीन वर्षाची गर्दी ओसरली की युरोपच्या तिकिटांचे भाव एकदम पडतात. अनघा तिकिटांच्या बाबतीत घारीची नजर ठेवून असते. तिनं नुअर्क ते बुडापेस्ट अशी तिकिटं पकडली, व्हाया कुठून कुठून, पण स्वस्त. युरोपला जायचं आधीपासून मनात होतं, म्हणून आईचा शेंगेन व्हिसा ताईनं भारतातूनच काढून दिला होता. अनघाला फिरायचं होतं, आईला बर्फातली नदी बघायची होती. माझा हिशेब वेगळा होता. अनोळखी जागी माणूस गोंधळतो, म्हणजे आईचं खरं काय ते तिथे कळेल असं मी धरून चाललो होतो.

निघायच्या दिवशी कॅब दारात उभी, बॅगा डिकीत, आणि आई पायरीवर थांबली. "आपण तिघं आहोत," म्हणाली आणि आत परत गेली. देवासमोरची एक सुपारी घेतली, तिला हळदकुंकू लावलं, "चला" म्हणाली आणि आपल्या बटव्यात टाकली. तिघांनी मिळून निघू नये आणि निघालंच तर चौथा म्हणून सुपारी सोबत घ्यावी, हे आमच्याकडे कायम. अनघाच्या माहेरी खडा घेतात. मी कुरकुर केली, की परत येताना इथला कस्टमवाला बिया, फळं, सगळं विचारतो, उगाच भानगड नको. आई म्हणाली, "येतानाचं येताना पाहू." झालं, निघालो.

बुडापेस्टचं अपार्टमेंट एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होतं, लिफ्ट नाही. मालकीणबाई दुसऱ्या मजल्यावर एकटीच राहायची. इलोना नाव, सत्तरीची असेल, पूर्वी हॉटेलात कामाला होती त्यामुळे इंग्लिश बरं. तिनं दार उघडून दिलं. आत बघतो तर चार टॉवेल, दाराशी चार सपातांचे जोड, टेबलावर चार कप. माझ्या डोक्यात लगेच लाल दिवा. तिथे माणशी सिटी टॅक्स असतो, म्हणजे हिनं चौथं डोकं धरून पैसे उकळायचा बेत केलाय! मी फोनवर बुकिंग काढून दाखवलं, थ्री गेस्ट्स. तिनं ते वाचलं, आमच्या मागे जिन्याकडे बघितलं, मग खांदे उडवले आणि म्हणाली, जसं तुम्हाला ठीक वाटेल तसं. टॅक्स तिघांचाच घेतला, पण चौथा टॉवेल काही उचलला नाही.

बाथरूमचा नळ ठिबकत होता. सांगितलं तर म्हणाली, प्लंबर पुढच्या आठवड्याशिवाय येणार नाही. म्हणजे आम्ही गेल्यावर! आई मात्र तो नळ बघून हसली. माझे बाबा पाणीपुरवठा खात्यात होते. ठिबकता नळ त्यांना सहन व्हायचा नाही. कोणाच्याही घरी गेलो की आधी नळ, मग पाहुणचार. खिशात वायसर असायचे. आणि नळ दुरुस्त झाला की बक्षीस म्हणून चहात साखर मागायचे, कारण त्यांना डायबिटीस होता आणि एरवी आई साखरेचा डबा वर ठेवायची. परदेशात म्हणून ते कधी आले नाहीत. पासपोर्ट काढला, आमच्याकडे यायचं ठरलंही, पण दर वेळी म्हणायचे, थंडी उतरू दे.

दुसऱ्या दिवशी फिरायला निघालो. शहर म्हणजे काय सांगू... नदीच्या दोन्ही काठांवर पिवळ्या दगडी इमारती, पुलांवर बर्फ, आणि मधून पिवळी ट्राम. आई अगदी खुशीत होती. दुपारी कोपऱ्यावरच्या एका कॅफेत शिरलो. वेट्रेसनं चार मेन्यू ठेवले आणि पाण्याचे चार ग्लास. मी एक मेन्यू परत दिला. तिनं तो घेतला आणि आईशेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून "नंतर ऑर्डर करणार का?" असं विचारलं. मी अनघाला म्हटलं, बघ, टूरिस्टांना लुटायची ही इथली पद्धत दिसतेय. अनघा म्हणाली, मिलिंद, पाणी फुकट आहे. पी.

मग ट्राममध्ये तिकीट तपासनीस आला. मी तीन तिकिटं पुढे केली. तो माणूस तिन्ही बघून हात पुढे करून उभाच! मी म्हटलं, थ्री. तो म्हणाला, फोर. आता इमिग्रंट माणसाला गणवेश बघितला की घाम फुटतो, तरी मी इरेला पेटलो. मोजा म्हटलं, एक, दोन, तीन. त्यानं आमच्याकडे बघितलं, आईच्या बाजूच्या सीटकडे बघितलं, काहीतरी पुटपुटला आणि पुढच्या डब्यात गेला. आई खिडकीबाहेर बघत होती. बाजूची सीट रिकामी होती, गर्दी असूनही तिथे कोणी बसलेलं नव्हतं, हे मला नंतर आठवलं. तेव्हा मी त्या तपासनिसावर चिडण्यात गुंग होतो.

टेकडीवर एका कॉलेजच्या मुलीला फोटो काढायला सांगितला. ती हातानं खुणा करत होती, जवळ या, जवळ या, सर तुम्ही पण. मी म्हटलं, मी आहे की. ती म्हणाली, तुम्ही नाही, ते. आणि फोटो काढला. तो फोटो माझ्या फोनमध्ये आहे. एका टोकाला मी, मग अनघा, मग एका माणसाएवढी रिकामी जागा, मग आई. आईला मी विचारलं की तू अशी लांब का उभी राहिलीस, तर म्हणाली, लांब कुठे, लागूनच तर होते.

त्या संध्याकाळी मला भीती वाटली, हे कबूल करतो. भुताची नाही. मला वाटलं, आईचंच हे सगळं चाललंय. ती बाजूला जागा सोडते, खुर्ची ओढून ठेवते, आणि लोक ते बघून चौथा माणूस धरतात. म्हणजे ताई म्हणते ते खरंच आहे. माझी आई बाबांना सोबत घेऊन फिरतेय आणि मला हे ताईला सांगावं लागणार, आणि मग तो फ्लॅट, ती बाल्कनी, तिच्या कुंड्या, सगळं संपणार. अनघाला सांगितलं तर ती म्हणाली, मग इलोनानं चार टॉवेल कसे ठेवले? तेव्हा तर आई जिन्यातच होत्या, धापा टाकत.

मग मी माझं काम केलं. टेस्टिंगचा साधा नियम आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी आईला म्हटलं, उद्या तेवढी सुपारी घरी ठेवून चल. "तुझी मर्जी. पण सोबत आणलेल्याला एकटं मागे ठेवू नये," एवढंच म्हणाली, आणि सकाळी निघताना सुपारी बटव्यातून काढून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली.

त्याच कॅफेत गेलो. तीच वेट्रेस. तीन मेन्यू, तीन ग्लास. मी आईला मुद्दाम बाजूला जागा सोडून बसवलं होतं. तरी तीन. ट्राममध्ये पुन्हा एक तपासनीस, दुसरा. तीन तिकिटं बघून थँक्यू म्हणाला आणि गेला. टेस्ट पास झाली की मला आनंद होतो. त्या दिवशी मी जेवलोच नाही. अनघानंही दुपारी काही खाल्लं नाही.

परत आलो तेव्हा इलोना आपल्या दारात उभी होती. आई पुढे वर गेली होती. इलोना मला रागावली! एवढ्या थंडीत म्हाताऱ्या माणसाला एकटं ठेवून कोणी जातं का, म्हणाली. वर पावलं वाजत होती म्हणून ती बघायला गेली, खाली बोलावून त्याला चहा दिला. फार बोलला नाही, पण चहात साखर मात्र पुन्हा पुन्हा मागून घेतली. आणि नळाबद्दल थँक्यू, म्हणाली. मी विचारलं, दिसायला कसा होता? तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला लाज वाटली. "तुमच्या घरचा माणूस आहे, मला काय विचारता?"

मी धावत वर गेलो. बाथरूममध्ये आवाज नव्हता. नळ घट्ट बंद, खाली बेसिन कोरडं. स्वयंपाकघरात सुपारी खिडकीतच होती, पण तिच्यावरचं हळदकुंकू गेलं होतं. आता तुम्ही म्हणाल, काचेवर दव धरतं, त्यानं धुतलं गेलं असेल. मीही तेच म्हणालो. तुम्ही म्हणाल, बाईनं प्लंबर आणला आणि तुमची फिरकी घेतली. तेही म्हणून झालं. पण साखरेचं तिला कोणी सांगितलं? आईशी तिचं गुड मॉर्निंगच्या पलीकडे बोलणं नव्हतं. अनघाची मी शपथ घालून चौकशी केली आणि त्यावरून आमचं भांडणही झालं. मी साखरेचं आईला मात्र सांगितलं नाही. इलोना काय बोलली त्यातलं काहीच सांगितलं नाही.

आई टेबलाशी बसली होती. चहा केला होता. तिनं मला समोर बसायला लावलं.

"काय पाहून राहिला असा माझ्याकडे? महिने झाले पाहतो आहेस. ताईनं सांगितलं ना तुला? विचार काय विचारायचं ते."

मी विचारलं. दोन कप कशाला करतेस?

"दोन्ही माझेच असतात," आई म्हणाली. "लग्न झाल्यापासून मी गरम चहा प्यायले नाही. एक घोट घेतला की यांची हाक, पाना दे, टॉवेल दे. आता एक कप पिते आणि दुसरा निवांत पिते. यात वेड कुठे आलं? गॅस एकदा राहिला. तुझी गाडी नव्हती का रात्रभर उघडी राहिली मागच्या महिन्यात? आणि एकटी बोलते म्हणे. घरात दुसरं कोणी नाही, तर मग कोणाशी बोलू?"

मग हळूच विचारलं, आई, तो चौथा... बाबा आहेत का?

आई हसली. खरंच हसली. "वेडा आहेस का? सुपारी आहे ती. मी कुठे म्हटलं कोणी आहे म्हणून? चौथा, चौथा तुम्हीच करून राहिले. मला आपलं माझ्या घरी जायचं आहे, एवढंच माझं म्हणणं आहे. माझं घर काढून घेऊ नका रे." आणि मग ती रडली. मी आईला बाबा गेले तेव्हाही इतकं रडताना बघितलं नव्हतं. मीही रडलो. तिथेच मी ठरवलं की आईला काहीही झालेलं नाही. आमच्या तिघांत सगळ्यात शहाणी तीच होती.

निघायच्या दिवशी सुपारी सापडली नाही. खिडकीत नव्हती, बटव्यात नव्हती. कपाटं, उशा, सगळं उलथंपालथं केलं. आई म्हणाली, राहू दे, तुझ्या कस्टमवाल्याची भानगड मिटली. इलोना टॅक्सीपर्यंत आली आणि आम्हा तिघांना हात केला. नुअर्कला इमिग्रेशनच्या काउंटरवर ऑफिसरनं विचारलं, तिघं एकत्र? मी येस म्हटलं. इतके दिवस ज्या आकड्यासाठी जगाशी भांडायची माझी तयारी होती, तो समोरच्यानं बिनतक्रार मान्य केला, आणि मी मात्र वळून मागे बघितलं. मागे दुसऱ्याच कोणाची रांग होती.

ताईला मी सांगितलं, आई ठणठणीत आहे, ती खोली कॅन्सल कर. ताई चिडली, पुन्हा पुन्हा विचारलं, तुझी खात्री आहे का? मी हो म्हटलं. मार्चच्या शेवटी आई नागपूरला गेली, आपल्या घरी. कुंड्या पुन्हा लावल्या. रोज व्हिडिओ कॉल करते, समोर दोन कप असतात, आणि दोन्ही कप ती पिते. मी मोजतो अजून, सवयच ती.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते. मागच्या महिन्यात इलोनाचा मेसेज आला. स्टोव्हमागे झाडताना मला तुमची ती तपकिरी बी सापडली, असं तिनं लिहिलं होतं. पोस्टानं पाठवू का? की मीच ठेवू? मी एकटी असते आणि ती स्वयंपाकघरात ठेवल्यापासून मला बरं वाटतं. शेवटी लिहिलं होतं, की आता आमच्या इमारतीत एकही नळ ठिबकत नाही.

मी तो मेसेज आईला कॉलवर वाचून दाखवला. मला वाटलं हसेल, म्हणेल, बाई चक्रमच आहे. आई हसली नाही. दुसरा कप हातात तसाच होता. मग म्हणाली, "ठेव म्हणावं तिला. तिलाही कोणी नाही." मी बरं म्हटलं आणि कॉल बंद करणार, तेवढ्यात ती पुन्हा बोलली. "आणि सांग तिला, नळ दुरुस्त केला म्हणून चहात साखर द्यायची नाही. मागतील ते. अजिबात द्यायची नाही म्हणावं."

एवढं बोलून तिनं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा कॉल, मेथी महाग झाली, खालच्या वहिनींचा गुडघा दुखतो, सगळं व्यवस्थित. आई माझी थट्टा करत होती का? सुपारी आहे म्हणाली होती ते खरं, की हे खरं? आणि हे खरं असेल तर मी ताईला दिलेला रिपोर्ट चुकला का बरोबर आला? मला माहीत नाही. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि आईला विचारायची हिंमतही नाही. कमेंट्समध्ये तुम्हाला काय वाटेल ते लिहा, या वेळी मी खुसपट काढणार नाही. इलोनाला मात्र मी साखरेचं कळवलं. तिनं लगेच उत्तर दिलं, ठीक आहे, कमी करते.

यातलं ताईला काहीही सांगितलेलं नाही. ती हा ग्रुप वाचत नाही, याची मी आधीच खात्री करून घेतली आहे.